रात्री दोनची धडधड

प्रश्न: रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते. प्रार्थना केली की काळजी वाढतेच. माझा विश्वास कमी पडतोय का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: अजिबात नाही, ताई. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने ‘आता पुरे’ म्हणत मरण मागितलं, तेव्हा देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं (1 राजे 19).

काळजी वाढते, कारण प्रार्थनेत आपण तीच घोकत बसतो. कैदेतून पत्र लिहिणारा प्रेषित पौल मागणीला ‘आभारप्रदर्शनासह’ हा शब्द जोडतो (फिलिप्पैकरांस 4:6). नेमका तोच सुटतो. उशाशी वही ठेवा. ‘देवा, सगळं नीट कर’ असं मोघम नको. ‘सोमवारी फीचे बारा हजार भरायचेत’ असं लिहा. खाली आजच्या तीन गोष्टींचे आभार, अगदी वेळेवर मिळालेल्या लोकलचेसुद्धा. वही मिटा. मग स्तोत्र 23 ची एकेक ओळ श्वास सोडताना सावकाश म्हणा, पाचेक मिनिटं. बायबल छापील घ्या. मोबाईल उघडला की मेसेज दिसतात आणि झोप उडते.

दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांकडे जाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे; पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.