झुडिओ एवढ्या स्वस्तात कपडे कसे विकते? ही कंपनी चिनी आहे का?

चिनी नाही हो, टाटांची आहे. आणि तिचं मूळ कापडात नाही, लिपस्टिकमध्ये आहे.

टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केली आणि पुढे सिमोन टाटांनी ती नावारूपाला आणली. १९९८ मध्ये लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकली आणि तो पैसा कपड्यांच्या दुकानदारीत घातला. लिटलवुड्स नावाच्या ब्रिटिश कंपनीचं बंगळुरात दुकान होतं. ते घेऊन त्याचं वेस्टसाइड केलं. कंपनीचं नाव झालं ट्रेंट. म्हणजे ही सुरुवात आमच्या राज्याच्या राजधानीत झाली. ('आमच्या राज्याच्या' म्हणताना बेळगावात जीभ जरा अडखळते, ते असू दे.) याच ट्रेंटची झुडिओ आली २०१६ मध्ये. मार्च २०२४ ला तिची ५४५ दुकानं होती, वर्षभरात ७६५ झाली.

आता स्वस्ताईचं. माझे वडील खडेबाजारात एका कापड दुकानात तीस वर्षं गादीवर बसून ठाणं उलगडत होते. गिऱ्हाईक चंदगडपासून खानापूरपर्यंतचं. त्या धंद्यात गिरणी, एजंट, घाऊकवाला आणि मग दुकान, प्रत्येकाचा हात ओला व्हायचा. पण खरा मार बसायचा न विकल्या गेलेल्या मालाचा. श्रावणात मालक मागच्या दिवाळीच्या ठाणांवर हात ठेवून विचारायचे, "ह्याचं व्याज कोण भरणार?"

झुडिओनं नेमकी हीच दोन भोकं बुजवली. दुकानात दुसऱ्या कुणाचा ब्रँड नाही. डिझाईन स्वतःचं, शिवून घेतलेला माल थेट आपल्याच दुकानात, मधला दलाल नाही. माल झपाट्याने बदलतो, त्यामुळे पैसा फडताळात अडकत नाही. जाहिरातीवर जवळजवळ खर्च नाही. ऑनलाइन विकतच नाहीत, म्हणजे कुरिअरचं भाडं नाही, घरी नेऊन परत पाठवलेल्या पार्सलांचा घोळ नाही. बहुतेक कपडे हजाराच्या आत बसतात ते असे. एकेका नगावर नफा थोडा, पण नग भरमसाट.

याची दुसरी बाजू माझ्या पुतणीला खानापुरातल्या एका लग्नात कळली. कोल्हापुरातून हौसेनं आणलेला टॉप नवरीच्या मावसबहिणीच्याही अंगात! पोरगी जेवणं होईस्तोवर ओढणी गच्च लपेटून बसली. वडिलांना मात्र हसू आवरेना. दिवाळीला उरलेल्या ठाणातून ते आम्हा तिघा भावांना एकाच चौकड्याचे शर्ट शिवायचे, त्याची आठवण झाली असणार.

घरी आल्यावर त्यांनी तो टॉप उलटा करून शिलाई चाचपली. "हल्लीच्या तयार कपड्यांत शिवणीला माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतच नाहीत," म्हणाले. आमचे शर्ट तीन दिवाळ्या उसवून वाढवले जायचे.