'अंदाजे' नको, 'आसन्न' घ्या

प्रश्न असा आहे: संमिश्र प्रणालींवरच्या (हायब्रिड सिस्टिम्स) मराठी लेखात 'अ‍ॅप्रॉक्झिमेट इम्प्लिमेंटेशन'साठी 'अंदाजे अंमलबजावणी' चालेल का?

माझ्या मते नाही. अंमलबजावणी कायद्याची, आदेशाची होते; इथे 'प्रत्यक्ष रचना' बरे. पण खरी अडचण 'अंदाजे'ची आहे. अंदाज चुकला तर किती चुकेल, याची हमी तो शब्द देत नाही, आणि या विषयाचा सगळा जीव त्या हमीतच आहे.

थर्मोस्टॅट घ्या. कागदावरच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) तापमान अखंड चढते आणि 21 अंशांना टेकताक्षणी हीटर बंद होतो. (अखंड बदल आणि अशी अचानक उडी एकत्र नांदतात म्हणून 'संमिश्र'; 'संकरित' म्हटले की बियाणे डोळ्यांपुढे येते.) प्रत्यक्षातली चिप मात्र, समजा, दर 10 सेकंदांनी तापमान वाचते. मिनिटाला 0.6 अंश या वेगाने खोली तापत असेल, तर हीटर बंद होईपर्यंत पारा 21.1 गाठू शकतो. शिवाय तेवढा वेळ प्रतिमानातला हीटर बंद आणि खरा चालू! क्षणाला क्षण लावून पाहिले तर दोन्ही साफ विसंगत ठरतील. म्हणून ताडताना सूट दोन्हीकडे द्यावी लागते: वेळेत 10 सेकंद, तापमानात 0.1 अंश. तीही या एका उडीपुरती. फेरीगणिक उशीर साचत गेला तर सूट अपुरी पडते.

असे साचणे किती महाग पडते ते 1991 च्या आखाती युद्धात दिसले. पॅट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या संगणकात 0.1 सेकंद हे मान 24 बिटांत छाटून ठेवले होते, त्यामुळे वेळ मोजताना दर वेळी किंचित चूक राहत होती. सुमारे 100 तास सलग चालल्यावर वेळेत 0.34 सेकंदांची तफावत पडली, सौदी अरेबियातल्या धहरानवर आलेले क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि 28 सैनिक गेले.

'आसन्न' म्हणजे जवळ येऊन ठेपलेला. आर्यभटाने 20000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62832 सांगितला, तो 'आसन्न' म्हणूनच. गणितातला इतका जुना, नेमका शब्द हाताशी असताना तो सोडू नये. 'सन्निकट'ही चालेल, फक्त लेखभर एकच ठेवा.

'हाय-लेव्हल मॉडेल'साठी 'उच्चस्तरीय प्रतिमान'ही टाळा, ते विशेषण बैठकांना चिकटले आहे. 'अमूर्त प्रतिमान' म्हणा. मी लिहीन: 'आसन्न रचना अमूर्त प्रतिमानाशी ताडून पाहणे'. आणि पहिल्याच उल्लेखाला जोडून सांगेन, की इथे आसन्न म्हणजे वेळेत आणि मूल्यात, दोन्हींत, आधी ठरवलेल्या मर्यादेबाहेर न जाणारी.