होडीचे इंजिन : धार बारीक होणे, गिअर ऑइल पांढरे पडणे आणि जुने पेट्रोल

प्रश्न : माजलगाव धरणात आम्ही चौघे भाऊ मासेमारी करतो. होडीच्या मागच्या फळीला लावायचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतले. या उन्हाळ्यापासून इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली आहे आणि अर्धा तास चालल्यावर इंजिन तापून जोर सोडते. गावात मोटारसायकलचे कारागीर आहेत, पण या इंजिनाला हात लावायला कोणी धजत नाही. घरी काही करता येईल का?
(एक मच्छीमार, माजलगाव तालुका)

उत्तर : करता येईल, आणि हे काम तुम्ही स्वतःच शिकून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कोकणात बंदरोबंदरी या इंजिनांचे जाणकार सापडतात. आपल्याकडे मात्र इंजिन बंद पडले की ते टेम्पोत घालून दूरच्या शहरात न्यावे लागते आणि तितके दिवस जाळी कोरडी राहतात. तोपर्यंत एक पथ्य कटाक्षाने पाळा : धार पूर्ववत होईपर्यंत इंजिन पाण्यात नेऊ नका. तापलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला धरला, तर थोडक्यात भागणारा खर्च निम्म्या इंजिनाच्या किमतीवर जातो.

मोटारसायकलचे इंजिन वाऱ्याने थंड होते, तुमचे इंजिन धरणाच्या पाण्याने. इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग म्हणजे पाय. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या बाजूला या पायावर जी जाळी दिसते, तिच्यातून पाणी आत येते. तिथे उभ्या शाफ्टवर एक रबरी चाक बसवलेले असते. त्याला इम्पेलर म्हणतात. त्याच्या वाकलेल्या पाकळ्या पाणी वर ढकलतात, ते सिलिंडरभोवती फिरते आणि बहुतेक पाणी धुराबरोबर खाली निघून जाते. त्यातलेच थोडे पाणी बारीक छिद्रातून बाहेर पडते, ती तुमची धार. म्हणून पंप चालतो की नाही, हे ती धारच सांगते.

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. धारेच्या छिद्रात गांधीलमाशीने मातीचे घर केले असेल किंवा गाळ सुकून बसला असेल, तर तंगुसाचा (जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा) जाड तुकडा आत सरकवून ते मोकळे करा. लोखंडी तार खुपसू नका. नंतर पायावरची जाळी पाहा. तिच्यात शेवाळ, जलपर्णीची मुळे किंवा प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा हमखास अडकलेला असतो.

एवढे करूनही धार बारीकच राहिली, तर दोष इम्पेलरचा समजा. उन्हाळ्यात सिंदफणेचे पाणी आटत जाते, काठाला गाळ उघडा पडतो आणि आपण होडी गुडघाभर पाण्यातूनच इंजिन चालू करून बाहेर काढतो. ते गढूळ पाणी रबराच्या पाकळ्या पॉलिश पेपरासारखे घासते. काठापासून होडी बांबूने रेटत खोल पाण्यात न्यावी आणि मगच इंजिन सुरू करावे, ही सवय लावलीत तर इम्पेलर कितीतरी जास्त टिकेल.

इम्पेलर बदलताना सर्वांत आधी प्लगची वायर काढून ठेवा, म्हणजे पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून पेटणार नाही. मग गिअरच्या दांडीची जोडणी सोडवून पायाचे बोल्ट काढा. पाय सरळ खाली उतरतो. पंपाचे झाकण काढल्यावर इम्पेलर दिसेल. पाकळीच्या मुळाशी चीर पडलेली असेल किंवा वाकलेली पाकळी पुन्हा सरळ होत नसेल, तर तो टाकून द्यावा. एखादी पाकळी तुटली असेल, तर तिचा तुकडा सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नका. तो वरच्या पाण्याच्या वाटेत अडकला, तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतच राहील. इम्पेलर शाफ्टवर अडकवून ठेवणारा धातूचा छोटा तुकडा, म्हणजे चावी, वाटीत जपून ठेवा, ती वाळूत पडली की सापडत नाही. नवा इम्पेलर साबणाच्या पाण्याने ओला करून बसवा, इंजिन ऑइल लावू नका. झाकण खाली दाबताना शाफ्ट त्याच्या चालीच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे सर्व पाकळ्या एकाच बाजूला वळतील. बहुतेक इंजिनांत ही दिशा वरून पाहता घड्याळाच्या काट्याची असते. पाय परत चढवताना पाण्याची उभी नळी तिच्या रबरी बुचात नेमकी बसली आहे ना, ते बोटाने चाचपून पाहा. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो.

चाचणी 200 लिटरच्या पिंपात घ्यावी. पाणी पायावरच्या जाळीच्या बरेच वर असले पाहिजे आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. कोरडे इंजिन क्षणभरही चालवू नये, कारण पाण्यावाचून फिरणारे रबर लगेच जळते. धार जोमदार आली तरी इंजिन तापत असेल, तर मात्र थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, तपासावा लागेल.

प्रश्न : येलदरी धरणावरच्या आमच्या होडीचे गिअर ऑइल काढले, तर ते दुधासारखे पांढरे निघाले. नवीन ऑइल भरून चालेल का?
(एक वाचक, जिंतूर तालुका)

उत्तर : नुसते ऑइल बदलून चालणार नाही. पांढरा रंग म्हणजे आत पाणी शिरले आहे आणि त्या पाण्याने गिअर व बेअरिंग गंजू लागतात. पंखा काढून त्याच्यामागे शाफ्टवर पाहा. जाळ्याचा तंगूस तिथे गुंडाळला जातो आणि हळूहळू रबरी सील कापतो. तो सोडवा, सील बदला, आणि ऑइलच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशरही नवे घाला. पाणी पुष्कळदा त्या जुन्या वॉशरातूनच शिरलेले असते. ऑइल नेहमी खालच्या छिद्रातून भरावे, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. वरच्या छिद्रातून ऑइल येऊ लागले, की आधी वरचा स्क्रू बसवावा आणि मग भरायची नळी काढून खालचा. यापुढे पंखा दर महिन्याला एकदा तरी काढून पाहत चला.

प्रश्न : पावसाळ्यात मासेमारी बंद असताना टाकीत ऑइल मिसळून ठेवलेले पेट्रोल तसेच राहिले. ते वापरावे का?
(एक वाचक, कळमनुरी तालुका)

उत्तर : वापरू नये. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते. या थरात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसते, आणि इंजिन नेमके तळातूनच पेट्रोल ओढते. म्हणजे पिस्टन कोरडा चालतो. टाकी रिकामी करून पुसा, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून जुने पेट्रोल काढा आणि नवे मिश्रण लागेल तेवढेच बनवा. पुस्तिकेत 50 ला 1 असे प्रमाण दिले असेल, तर एका लिटरला 20 मिलिलिटर ऑइल पडते. ते अंदाजाने न ओतता औषधाच्या मापाने मोजा.