बॉबिन लेसला दोरा कुठला घ्यायचा?

प्रश्न : ताई, नातीच्या मलमलच्या झबल्याला हाताने केलेली बॉबिन लेस लावायचीय, म्हणजे उशीवर कागदी नमुना ठेवून, टाचण्या टोचत, बॉबिन म्हणजे छोट्या दांड्यांवर गुंडाळलेल्या दोऱ्यांनी विणतात ती. आधी मशिनचं पॉलिस्टरचं रीळ वापरलं, तर टाचण्या काढल्या की पट्टी गुंडाळायलाच लागली. मग क्रोशाचा २० नंबर घेतला, तर एवढी दाटी झाली की पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक. नमुना साधा टॉर्शनचा (बॉबिन लेसचा एक सोपा, भौमितिक नक्षीचा प्रकार) आहे, काठाच्या टाचण्या ५ मिलिमीटरवर. नेमका कुठला दोरा घेऊ?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी एक सांगते, तुमचा हात चुकलेला नाही, दोन्ही वेळा दोरा चुकला. पॉलिस्टर ओढलं की ताणतं आणि सोडलं की परत आखडतं, आणि या लेसच्या विणीत गाठ नसतेच हो, नुसती दोऱ्यांची अदलाबदल आणि पीळ, म्हणून दोरा बसवला तिथे बसून राहणारा पाहिजे. युरोपात पूर्वी यासाठी लिननचा दोरा असायचा, पण आपण तो शोधत बसायची गरज नाही, चांगला पीळ असलेला सुती दोरा घ्या. क्रोशाचा मर्सराइज्ड दोरा छान, जॉन मर्सरने १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याची ही प्रक्रिया काढली, त्याने सुताला बळकटी येते आणि चमकही. भरतकामाची सहा पदरी लडी मात्र नको, तिचे पदर सुटे असतात, टाचणीत अडकतात.

आता जाडी. फूटपट्टीवर दोरा शेजारी शेजारी गुंडाळा, एकावर एक चढू देऊ नका, फार ओढूही नका, आणि १ सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसले ते मोजा. टॉर्शनला काठाच्या दोन टाचण्यांमधल्या जागेत साधारण १० ते १२ वेढे बसायला हवेत, म्हणजे तुमच्या नमुन्याला सेंटिमीटरला २० ते २४. तुमचा २० नंबर त्याहून बराच जाड आहे. क्रोशाच्या दोऱ्यात नंबर वाढला की दोरा बारीक होतो, तेव्हा ६० नाहीतर ८० आणून मोजून बघा. नुसत्या नंबरावर जाऊ नका, कंपनी बदलली की जाडी थोडी इकडेतिकडे होते.

बारीक दोरा मिळालाच नाही तर नमुना मोठा करायचा. समजा हातातल्या दोऱ्याचे सेंटिमीटरला १५ वेढे येतात, तर झेरॉक्सवाल्याकडून नमुना १५० टक्के करून घ्या, ५ चे साडेसात मिलिमीटर होतात आणि दोरा मोकळा बसतो. पण मग पट्टीची रुंदीही दीडपट होणार. उशीच्या अभ्र्याला ती शोभेल, तान्ह्या बाळाच्या झबल्याला मला जड वाटते, त्याला बारीकच दोरा आणा.

आणि मलमल आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. मी माझ्या पहिल्या रुमालाला कोऱ्या कापडावरच लेस लावली, पहिल्याच धुण्यात कापड आटलं आणि महिनाभर खपून केलेल्या लेसची चारी बाजूंनी झालर झाली, फार वाईट वाटलं होतं. टाचण्याही पितळी किंवा स्टीलच्या घ्या, पावसाळ्यात साध्या टाचण्यांना गंज चढतो आणि पांढऱ्या दोऱ्यावरचा तो तांबूस ठिपका जाता जात नाही.

प्रश्न : आमचे विट्याला माग आहेत, कोनवर उरलेलं सूत या लेसला चालेल का?

उत्तर : एकेरी सूत नको. विणताना बॉबिन हातात फिरत राहते, पीळ उलगडत जातो आणि ऐन टाचणीपाशी सूत तुटतं, वर लव येते ती वेगळीच. दुहेरी असेल तर खुशाल वापरा. ओळखायचं कसं, तर वीतभर सूत घेऊन पिळाच्या उलट दिशेने फिरवा, दोन पदर वेगळे दिसले तर दुहेरी, नुसता कापूस सुटला तर एकेरी. कोनवर २/४० असं काही लिहिलेलं असेल तर त्यातला २ म्हणजेच दोन पदर. वेढे मात्र त्याचेही मोजा.