रेडिएटर, वॉटर पंप नवा टाकला तरी खंबाटकी घाट चढताना गाडी तापते. आता काय तपासू?

दोन्ही नवे, तरी खंबाटकी चढताना काटा लाल रेषेकडे जातो, म्हणजे माझा पहिला संशय हवेवर. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) काढून पुन्हा भरताना आत हवा अडकते, आणि जिथे हवा तिथे कूलंट फिरत नाही. काटा वर गेला की हीटर पूर्ण लावून बघा. आतून गार हवा आली तर एअरलॉक, म्हणजे हीच अडकलेली हवा, किंवा कूलंट कमी.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना उघडून हात-तोंड भाजून घेणारे दर उन्हाळ्यात असतातच). गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू करा, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा.

बुडबुडे थांबतच नसतील, कुठे गळती नसताना कूलंट घटत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर. पहिल्यांदा गाडी तापली तेव्हाच ते गेलेलं असू शकतं. गॅरेजमध्ये कूलंटमधल्या गॅसची रासायनिक चाचणी करून घ्या, मगच हेड खोला.

रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, अडकलेला असू शकतो. तो काढूनच टाका असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, नवा बसवा. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असती तर मी आधी फॅन आणि त्याचा रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) बघितला असता. रेडिएटरच्या झाकणाचं रबर मात्र आजच बघा, दोन मिनिटांचं काम आहे.