ऑटिझम आणि इंजिनिअरिंग: ब्रांच नंतर, आधी कामाचा दिवस कसा असतो ते बघा

प्रश्न: मुलगा बारावीत आहे, ऑटिझम आहे, गणित उत्तम. सगळे म्हणतात कॉम्प्युटरच द्या. देऊ का? (एक आई, नाशिक)

ताई, सगळे म्हणतात म्हणून नका देऊ. ऑटिझम आहे म्हणजे कोडिंग आवडणारच असं काही नसतं, आणि आयटीतही कितीतरी ठिकाणी दिवसभर मीटिंगा, फोन आणि ऐनवेळी बदलणारं काम असतं, तेच त्याला जड जाईल. तो तासन् तास कशात रमतो? सर्किट, नकाशे, चुका शोधणं? त्यावरून पीसीबी डिझाइन (सर्किट बोर्ड आखणं), जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशांचं काम), सॉफ्टवेअर टेस्टिंग असं बघत जा. आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव असतात.

प्रश्न: मेकॅनिकल सेकंड इयरला आहे. वर्कशॉपचा आवाज सहन होत नाही, डोकं बधिर होतं. सोडून देऊ का?

अरे नको सोडूस! प्रेस शॉप (जिथे मोठ्या मशीनने पत्रा दाबून भाग बनवतात) तुझ्यासाठी नाही, एवढंच यातून कळलं. याच ब्रांचमध्ये मेट्रोलॉजी, म्हणजे अचूक मोजमापाचं काम आहे, एकदा एखाद्या कंपनीची स्टँडर्ड रूम, म्हणजे मोजमापाची खोली बघून ये. दार बंद, तापमान २० अंशांवर धरलेलं कारण सगळी मापं त्याच तापमानाला धरतात, टेबलावर गेज ब्लॉक (अचूक मापाचे ठोकळे), आणि माणूस शांतपणे एकेक रीडिंग घेऊन लिहितोय. मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) फरक ज्याला खटकतो असा माणूस तिथे हवाच असतो, आणि कामाची पद्धत लेखी ठरलेली असते, रोज नवीन अंदाज बांधावे लागत नाहीत. तोवर वर्कशॉपला इअरमफ लाव (गाणी लावून हेडफोन मशीनजवळ अजिबात नको) आणि सरांना आधीच सांग, म्हणजे ते हाताने खूण करतील.

प्रश्न: इंटरव्ह्यूत ऑटिझमबद्दल सांगायचं का?

सक्ती नाही. पण सवलत हवी असेल तर सांगावं लागतं, आणि नेमकं सांगा: 'प्रश्न लेखी मिळाले तर उत्तर चांगलं देता येतं, गप्पांपेक्षा प्रत्यक्ष काम करून दाखवतो.' सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ पासून ऑटिझम असलेल्यांची वेगळी भरती चालवली, त्यात भारतही होता, म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खाजगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, एचआरकडे ते बिनधास्त मागा. आरक्षण मात्र सरकारी नोकरीतच, ऑटिझम ज्या गटात आहे त्या गटाला मिळून १ टक्का.