टायमर प्लग लावूनही पुश-बटणाची म्युझिक सिस्टीम ठरल्या वेळी का वाजत नाही?

तुम्ही लिहिलंय की सकाळी आईसाठी रेडिओ आपोआप लागावा म्हणून टायमर प्लग आणला, पण वेळ झाली की सेटचा नुसता लाल दिवा लागतो आणि बटण दाबायला कुणाला तरी उठावंच लागतं. कोथरूडला आमच्या घरी वडिलांच्या सेटचं अगदी हेच झालं होतं. त्यांची नजर अधू झालेली, सारखी दिसणारी बटणं चाचपडत बसायचे आणि तोवर आकाशवाणी पुण्याच्या ७.१० च्या बातम्या निम्म्या होऊन जायच्या. ते बघवेना, म्हणून मी यात शिरलो.

जुन्या सेटचं बटण म्हणजे खटका होता. दाबला की आत अडकून राहायचा, सगळी वीज त्याच्यातून जायची, त्यामुळे तिथे टायमर प्लग पुरायचा. आताच्या सेटमध्ये पॅनेलमागे टिचभर टॅक्ट स्विच असतो. तो बोट असेतोवरच जोडलेला राहतो आणि आतल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे सेट चालवणाऱ्या चिपला, फक्त इशारा देतो. वीज आली की मायक्रोकंट्रोलर स्टँडबायमध्ये (लाल दिवा लावून नुसता तयार) जातो आणि त्या इशाऱ्याची वाट बघतो. म्हणजे वीज दिल्यावर कुणीतरी बटणही दाबायला हवं.

इथे बरेच जण टायमरने फक्त बटण दाबायची सोय करतात आणि फसतात. चालू आणि बंद करायला बटण एकच. सेट आधीच कुणी लावलेला असेल, तर सात वाजता तो बंद होईल! म्हणून टायमर प्लग काढू नका. रात्रभर तो सेटची वीज तोडून ठेवू दे. सकाळी वीज आली की सेट नक्की स्टँडबायमध्येच असणार, मग त्यानंतरचं एक दाबणं म्हणजे चालूच. बंद करायचं काम परत प्लगवर. आमच्याकडे साडेआठच्या बातम्या झाल्या की पावणेनऊला वीज तुटायची.

ते एक दाबणं मी आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडून करून घेतलं. टायमर प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर सेट आणि नॅनोसाठी मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर. प्रोग्राम चार-पाच ओळींचा: ६ सेकंद थांब, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) अर्धा सेकंद ओढ, सोड, पुढे काही नाही. ५ व्होल्टचा, ५०० ओहम कॉइलचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रीड रिले, म्हणजे अगदी कमी विजेवर चालणारा छोटा रिले, घेतला, कारण तो जेमतेम १० मिलिअँपिअर खातो आणि नॅनोची पिन तो थेट चालवते. कॉइलवर १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मात्र उलटा लावा. हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर मिळेल.

रिलेच्या संपर्काची दोन टोकं टॅक्ट स्विचला समांतर डागायची. त्याला चार पाय असतात, पण आतून दोन-दोन जोडलेले, म्हणून तिरपे समोरासमोरचे दोन पाय धरा. मूळ बटण पहिल्यासारखं हातानेही चालतं. रिलेऐवजी पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या इशाऱ्याने जोडणारी चिप) स्वस्त पडतो, पण पुष्कळ पॅनेलांत सगळी बटणं वेगवेगळ्या रेझिस्टरमधून एकाच वायरवर आलेली असतात. तिथे ऑप्टोकपलरवर उरणाऱ्या थोड्याशा व्होल्टेजमुळे भलतंच बटण दाबल्यासारखं होऊ शकतं. रिले कोरडा संपर्क देतो, म्हणजे बटणासारखीच नुसती दोन टोकं जोडतो, म्हणून मी तोच सांगेन.

पॅनेल उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा आणि बराच वेळ थांबा. सेटच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या (एसएमपीएसच्या) वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठलेला असतो. हाताला सोल्डरिंगची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून या दोन वायरी बाहेर काढून घ्या, बाकीचं घरी जमेल. वॉरंटी चालू असेल तर सेट उघडूच नका. रिमोटच्या पॉवर बटणाला त्याच दोन वायरी जोडा आणि रिमोट सेटसमोर पक्का बसवा.

टायमर कुठला आहे तेही बघा. खुंट्यांची गोल चकती असलेल्या टायमरची मोटर मेन्सवर फिरते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज चार तास बंद राहिली, की चकती चार तास मागे पडते आणि शुक्रवारी सातचा रेडिओ अकराला लागतो. आमच्याकडे हे दोनदा झालं, वडील सकाळभर वाट बघत बसले. शेवटी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर आणला.

पण खर्च करण्याआधी आज रात्री एवढं करा: सेट रेडिओवर ठेवून झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करा, सकाळी चालू करून बटण हाताने दाबा. स्टेशन आणि आवाज जसाच्या तसा आला तर हे सगळं जमेल. सेट ब्लूटूथवर उघडला किंवा स्टेशन विसरला, तर एका दाबण्याने भागणार नाही. मग फंक्शनच्या (रेडिओ, ब्लूटूथ निवडायच्या) बटणावर दुसरा रिले घालावा लागेल. तसं झालं तर किती वेळा दाबल्यावर रेडिओ येतो ते मोजून इथेच कळवा, प्रोग्रामच्या ओळी लिहून देतो.